वेसाव्याच्या दारातला गुलाब

संपादकांच्या पत्रात लिहिलं होतं, "लहान जागेत, फारशी देखभाल न करता येणाऱ्या गुलाबी गुलाबाबद्दल लिहा. तुम्ही तयार केलेला 'मरोळ गुलाबी' आमच्या कितीतरी वाचकांच्या गॅलरीत आहे." पत्र वाचून मी ते कपाटावर ठेवून दिलं. तिसऱ्यांदा त्यांचा फोन आला तेव्हा लिहितो म्हणालो. गुलाबाची माहिती मी देणारच आहे, कारण ती मागितली आहे. पण त्यातलं 'तुम्ही तयार केलेला' हे खरं नाही. तो गुलाब मी तयार केलेला नाही. तो कुठून आला आणि आणताना मी काय केलं, हे आधी कधी सांगितलं नाही, ते आता सांगतो.

मी मूळचा कुडाळकडचा. वडील गिरणीत साच्यावर होते, मी त्याच गिरणीच्या मालकांच्या बंगल्यावर माळी. संप लांबला, गिरणी थंडावली, बंगल्यातली बागही थांबली. मग मरोळला औद्योगिक वसाहतीच्या कुंपणालगत एक पडीक पट्टा भाड्याने घेतला आणि नर्सरी टाकली. एका बाजूला पत्र्याच्या कारखान्याचा ठणठणाट, दुसऱ्या बाजूला नाला. अशा जागेत गुलाब कसा येणार, असं येणारा प्रत्येक माणूस विचारायचा. गुलाबाला आवाजाचं काही नसतं, ऊन लागतं, एवढंच मी सांगायचो.

त्या वर्षांत अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर सगळीकडे बैठ्या घरांच्या जागी चार मजली सोसायट्या उभ्या राहत होत्या. तळमजल्याला सहा फुटी पट्टी, वरच्यांना गॅलरीचा कठडा. प्रत्येकाला गुलाब हवा, तोही गुलाबी. लाल उन्हात काळपटतो आणि पिवळा पहिल्याच पावसाळ्यात जातो, हे लोकांना अनुभवाने कळलं होतं. पण बाजारात मिळायचे ते गुलाब पुण्याच्या हवेचे. जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे कोंब, भरून कलम केलेले. मुंबईत आले की एक तर कमरेच्या वर वाढायचे, नाही तर चार महिन्यांत काड्या उरायच्या.

मुलुंडचे एक निवृत्त पोस्टमास्तर लाकडी फूटपट्टी घेऊनच यायचे. रोप मोजायचे, वहीत लिहायचे, महिन्याने येऊन मला दाखवायचे. "दोन फुटांवर जाणार नाही असं तुम्ही म्हणाला होता. हे बघा, दोन फूट सात इंच. माझ्या खिडकीत सूर्यप्रकाश येत नाही आता."

"कापा की साहेब."

"मीच कापायचा, तर तुमच्या शब्दाला किंमत काय?"

त्यांचं बरोबर होतं. माझ्याकडे न वाढणारा, न रुसणारा गुलाब नव्हता. तो मला एका कोळणीच्या अंबाड्यात दिसला.

सोनूबाई वेसाव्याची. आठवड्यातून तीनदा पाटी घेऊन मरोळच्या चाळींत यायची. नर्सरीच्या दारात पाटी उतरवून माझ्याकडचं पाणी प्यायची, बोंबील-मांदेली द्यायची आणि माझ्या झाडांना नावं ठेवायची. तिच्या अंबाड्यात रोज दोन-तीन गुलाबी फुलं असायची, बोराएवढी, गच्च पाकळ्यांची. पहाटे खोवलेली फुलं दुपारी बारालाही तशीच टवटवीत. माझी विकायची फुलं तोवर माना टाकायची.

"मावशी, हे फूल कुठलं?"

"माजे दारानचं. तुला रं कशाला? तुजेकडं येवरा बाग हाय."

"माझ्याकडे हे नाही ना."

"मंग ये बघाया. पन चप्पल भायेर काड. मासली सुकवलीय दारान."

मी गेलो. गंजलेल्या तेलाच्या डब्यात ते झाड होतं, गुडघ्याएवढं, आणि पान दिसू नये इतकं फुललेलं. वीस पावलांवर खाडी, खारा वारा, समोर वाळत घातलेली मासळी. माझं एकही रोप तिथे पंधरा दिवस टिकलं नसतं. पाणी कुठलं घालतेस विचारलं, तर मासे धुतलेलं. खत? तेच. कापतेस केव्हा? ती हसली आणि अंगठ्याचं नख दाखवलं. रोज सकाळी फूल खोवायला खुडायची, ते पाचव्या पानाखाली. एवढीच तिची छाटणी. रोज शेंडा खुडला की झाड उंच जात नाही, बाजूने फुटतं. आम्ही हेच ऑक्टोबरात छाटणीची कात्री, सिकेटर, घेऊन एकदा करतो आणि स्वतःला जाणकार म्हणवतो.

झाड तिच्या आईच्या दारातलं होतं, अर्नाळ्याचं. आईने ते तिच्या आईकडून आणलेलं. लग्न होऊन मुलगी निघाली की माहेरच्या दारच्या गुलाबाची लागलेली काडी तिच्याबरोबर जायची, डब्यात, मातीसकट. त्यांच्या जातीत अशी रीत आहे की नाही मला माहीत नाही, त्यांच्या घरात होती. तिची मुलगी भारती तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होती आणि मढच्या एका मुलाशी तिचं ठरत आलं होतं.

"दोन काड्या घे," सोनूबाई म्हणाली. "बाकीचं भारतीचं हाय."

मी दोन काड्या घेतल्या. इथवर सगळं सरळ होतं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण ज्यांना हे झाड लावायचं आहे त्यांना ती उपयोगी पडेल. मी त्यातल्या एका काडीवरचे डोळे सवयीने जंगली खुंटांवर भरले. चार महिन्यांत झाडं माझ्या छातीला लागली, फुलं निम्मी. मला वाटलं, कोळणीने फसवलं. दुसरी काडी मात्र मी कुंडीच्या कडेला नुसतीच खोचून ठेवली होती. ती तेवढी बुटकी राहून फुलत होती. खुंट जोरदार असतो, तो वरच्या झाडाला ओढत नेतो. या जातीला परक्या पायावर उभं केलं की तिचा स्वभाव बिघडतो. हा गुलाब काडी रोवूनच करायचा, त्याच्या स्वतःच्या मुळांवर. एक वीत काडी, तीन डोळे मातीत, दोन वर, सावलीत सहा आठवडे. पुढे चार तास ऊन, दहा इंची कुंडी, माती वरून सुकल्यावरच पाणी, आणि रोज फूल खुडणं. फूल झाडावर वाळू दिलं की तो बी धरायला बसतो आणि थांबतो. याहून जास्त काही करू नका. जास्त केलेलं त्याला सोसत नाही.

तर माझ्याकडे झाडं होऊ लागली. थोडी विकलीही. घाटकोपरच्या जसुबेन म्हणून एक बाई होत्या. कुंडी भरताना मी मातीत हाडांचा चुरा घालतो हे त्यांना कळलं, तेव्हा त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"भाई, आ शूं? हाडका? आमच्या घरात नाय चालणार."

"बेन, गुलाबाला लागतो."

"गुलाबला लागतो तर गुलाबने तुमच्याकडेच रहावं."

मी माती ओतून टाकली, कुंडी धुतली, निंबोळी पेंड घालून रोप लावून दिलं. झाड सुंदर फुललं. दिवाळीला त्यांनी मला घरी बोलावून मोहनथाळ खाऊ घातला. त्या झाडाच्या सात पिढ्या मासे धुतलेल्या पाण्यावर वाढल्या होत्या, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते न सांगण्याचं मला अजून हसू येतं. पुढचं न सांगणं तसं नाही.

अंधेरी पूर्वेला एक मोठी सोसायटी होत होती. तिचे सेक्रेटरी, प्रधानसाहेब म्हणूया, माझ्याकडे आले. तळमजल्याच्या प्रत्येक घरापुढे पट्टी, पट्टीत गुलाबी गुलाब, सगळे एकाच उंचीचे, गुडघ्याला. माळी ठेवणार नव्हते. साठ रोपं, दसऱ्याला फुललेली हवीत. हे काम झालं तर शेजारच्या दोन सोसायट्या त्यांच्याच मेव्हण्याच्या होत्या. नर्सरी राहणार की मी कुडाळला परत जाणार, हे या कामावर होतं. रोप कुठलं, असं त्यांनी विचारलं. वेसाव्याच्या कोळणीच्या डब्यातलं, हे माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हणालो, "बंगळूरहून मागवलंय. नवीन जात आहे." त्यांचा चेहरा खुलला.

तेव्हा एप्रिल संपत आला होता. दसऱ्याला फुलायचं तर काड्या तेव्हाच लावायला हव्या होत्या. माझ्या झाडांतून वीसेक निघाल्या. चाळीस कमी पडत होत्या. सोनूबाई मरोळच्या फेरीवर असेल असा दिवस आणि वेळ बघून मी वेसाव्याला गेलो. योगायोग नव्हता, बघून गेलो. घरात भारती एकटी होती.

"आईला सांगितलंय मी," म्हणालो.

"आई काय बोलली नाय मना."

"विसरली असेल. थोडं छाटायचं आहे. छाटलं की जोमाने येतं."

मी सुरू केलं. आठ-दहा काड्या झाल्यावर ती उठून जवळ आली. "काका, आई येऊ दे. मंग कापा." मी हसलो आणि कापत राहिलो. पुन्हा म्हणाली, "त्यातली माजी फांदी ठेवा." मी म्हणालो, "अगं, तू बघ, पावसात दुप्पट होईल." इतकी वर्षं बागेत काढलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर ती गप्प झाली. काड्या गुंडाळायला तिनेच मला ओलं फडकं आणून दिलं.

कापलेल्या टोकांना औषधाचा लेप लावावा लागतो. न लावला तर झाडावर उरलेली फांदी टोकाकडून काळी पडत खाली जाते. ऐन उन्हाळ्यात तर एवढं कापूच नये. हे मला येत होतं. लेपाचा डबा मी नेला नव्हता, कारण लेप लावायला वेळ लागला असता आणि सोनूबाई परत येण्याआधी मला निघायचं होतं. डब्यात पाच-सहा बोडके खुंट ठेवून मी आलो.

त्यानंतर सोनूबाई बरेच दिवस नर्सरीवर आली नाही. मी निम्मा घाबरलो होतो, निम्मा सुटलो होतो. काड्या छान लागल्या. श्रावण सरता सरता ती आली. पाटी उतरवली, पण पाणी मागितलं नाही. नेमके त्याच वेळी प्रधानसाहेब रोपं बघायला आले होते. साठ पिशव्या ओळीत, निम्म्यांवर फूल.

तिने ओळ पाहिली आणि चेहऱ्यावर एकदम हसू आलं. रागवायला आलेली बाई, पण हसली. "अगो बाय! यो तं माजे दारानचा गुलाब! हाय जिता! माली, माजा झाड मेला रं. काला परून मेला. पोर सांगते, तू येऊन समदा कापलास. पोरीचं लगीन मार्गशीर्षान हाय. यातला येक दे मना."

प्रधानसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे बंगळूरचं ना हो?"

साठातलं एक रोप. उचलून तिच्या हातात द्यायचं होतं. बंगळूरचं खोटं सांगितलं होतं ते उघड झालं असतं. फार तर प्रधानसाहेब कुत्सित हसले असते. कदाचित तेही नाही. फुलं तर समोर होती.

मी म्हणालो, "मावशी, हा वेगळा. हा बंगळूरचा. सगळे गुलाबी गुलाब सारखेच दिसतात."

"आन कापलास तो?"

"मी तुमच्यासमोर दोन काड्या घेतल्या, तेवढ्याच. नंतर मी आलोच नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझा संशय आला असता तर मला सोपं गेलं असतं. भांडली असती तर मीही भांडलो असतो. ती म्हणाली, "तू शिकलेला मानूस, झाडांतला. तू कशाला खोटं बोलशील? पोरच खोटं बोलली मंग. तिनाच कापला आसंल, आन तुजे नावावर घातला." मी कलमाचा, मोठ्या फुलाचा एक गुलाब तिच्यापुढे केला, भारतीला द्या म्हणालो. "यो नको," म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली. पाटी चढवायला रोज मी हात द्यायचो. त्या दिवशी तिने एकटीने चढवली.

पुन्हा ती मरोळला आली नाही. दुसरी कोळीण येऊ लागली.

दसऱ्याला सोसायटी गुलाबी झाली. मग शेजारच्या दोन झाल्या. एका प्रदर्शनात मी तो गुलाब ठेवला, नाव लिहा म्हणाले तेव्हा 'मरोळ गुलाबी' लिहिलं आणि 'संवर्धक' या शब्दापुढे माझं नाव. बक्षीस मिळालं. जुहूच्या हॉटेलांच्या कुंड्यांतून, बोरिवलीच्या बंगल्यांतून तो गेला. नर्सरी मी पुढे वीस वर्षं चालवली, मुलांना शिकवलं, गोरेगावला घर घेतलं. कामात मी वाईट नव्हतो. हा गुलाब स्वतःच्या मुळांवरच करायचा, हे मी शोधलं, त्याचा मला अजून अभिमान आहे आणि तो सोडायला मी तयार नाही. पण प्रत्येक पिशवी भरताना मला एका मुलीचं 'आई येऊ दे' ऐकू यायचं. एक रोप नेऊन द्यायला किती वेळ लागतो? मरोळहून वेसावा काही दूर नाही. आधी वाटायचं, राग ओसरू दे. नंतर वाटायचं, विसरल्या असतील. मग इतकी वर्षं गेली की आता जायचं कोणत्या तोंडाने, असं वाटायचं. प्रत्येक वेळी न जाण्याचं काहीतरी कारण मिळत गेलं.

हा लेख लिहायला बसण्याआधी मी जाऊन आलो. माझ्या मुलीने गाडी करून दिली, नातू बरोबर येतो म्हणाला, मी नको म्हणालो. वेसाव्याच्या बाजारात विचारल्यावर कळलं, सोनूबाईला जाऊन बारा वर्षं झाली. भारती मढला. होडीने पलीकडे गेलो, हातात त्याच गुलाबाचं एक रोप.

भारती आता साठीकडे आलेली, केस पांढरे, नाकात तिच्या आईसारखीच मोरणी. ओट्यावर सुपात सोडे निवडत बसली होती. मी नाव सांगितलं. तिने ओळखलं, पण उठली नाही.

"माली काका. बसा."

मी सगळं सांगितलं. आधी झाडाबद्दल, मग त्या दिवसाबद्दल, मग तिच्या आईला काय म्हणालो त्याबद्दल.  संपल्यावर तिने सोड्यांचं सूप बाजूला ठेवलं.

"आई मना बोलली, लगीन करून जातेस तं जा, पन आजीचा झाड मारून, वर परक्या मानसावर घालून जातेस. दोन वर्सं आली नाय माजे घरी. नंतर आली. माफ केलं बोलली." तिने पदराला हात पुसले. "मी केलं नव्हतं, तरी माफ केलं. ते मी घेतलं. काय करनार? आता माज्या दोन पोरी झाल्या, त्यांची लग्नं झाली. मी त्यांना काय दिलं नाय. आन भाऊ हाय, वेसाव्याला. अजून गनपतीला जमलो का हसतो. 'भारतीला झाडाला हात लावू देऊ नका.' पोरांसमोर. सुनांसमोर."

मी रोप पुढे सरकवलं. तिने पाहिलं, पण हात लावला नाही.

"आई असताना का नाय आलात?"

मी उत्तर तयार करून गेलो होतो. ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं. "भीती वाटली," म्हणालो.

ती आत गेली. मला वाटलं, चहा आणायला. मोबाइल घेऊन आली. नंबर लावून कानाशी धरला. "दादा, कामान हाय? असू दे. येक मानूस आलाय, तो काय बोलतो ते आयक." आणि फोन माझ्या हातात दिला.

मी सुरुवात केली ती अशी, की मी मरोळचा नर्सरीवाला, एप्रिलचा महिना होता, उन्हाळ्यात गुलाब नाजूक असतो, माझ्याकडे एक मोठं काम आलं होतं...

भारतीने माझ्या मनगटावर हात ठेवला. "हे नको, काका. कोनी कापलं तेवरं सांगा."

"मी कापलं," मी म्हणालो. "तुमची आई घरी नाही हे बघून आलो होतो. भारती दोनदा थांबा म्हणाली. मी ऐकलं नाही. नंतर तुमच्या आईला खोटं सांगितलं. भारतीने त्या झाडाला हात लावला नव्हता."

पलीकडे बाजाराचा गलबला ऐकू येत होता. कुणीतरी बर्फ फोडत होतं.  मग तो म्हणाला, "तिला द्या."

मी फोन तिच्याकडे दिला आणि उठून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. ते बोलणं त्या दोघा भावंडांचं होतं.